हॉलसाठी 'साय' की 'ताक'? दोन ऑफव्हाइटमध्ये अडकलेय

चाफेकळी
मंडळी, मदत करा. कोथरूडमधला जुना फ्लॅट, दुसरा मजला. घराला रंग काढलाय. बाकीच्या खोल्यांचं ठरलं, हॉलवर येऊन गाडी अडली आहे. शेडकार्डातले दोन ऑफव्हाइट समोर आहेत, त्यांतला एक घ्यायचा. कंपनीने दिलेली नावं लांबलचक आणि लक्षात न राहणारी, म्हणून घरात आम्ही एकाला 'साय' आणि दुसऱ्याला 'ताक' म्हणतो. साय किंचित पिवळट. ताक किंचित करडं.

हॉल साधारण १२ बाय १६ फूट. एकच मोठी खिडकी, उत्तरेला, आणि तिच्यासमोर भलामोठा रेन ट्री. फरशी जुनी मोझेक, पांढऱ्यात हिरव्या-काळ्या चिपा. सागवानी सोफा, मरून गाद्या. उजेडाला दोन एलईडी ट्यूब. भिंतींना सध्या पिस्ता रंग आहे, लग्नात आले तेव्हापासूनचा.

रंगाऱ्याने सोफ्यामागच्या भिंतीवर दोन्हीचे वीत-वीतभर चौकोन मारून दिलेत आणि खरा घोळ तिथेच झालाय. कार्डावर पिवळट दिसणारी साय भिंतीवर चक्क गुलाबी दिसतेय! लेक म्हणते भिंतीने पावडर लावलीय. सासूबाईंचं म्हणणं, पिस्ताला काय झालंय? रंगारी म्हणतो गणपतीच्या आत हॉल उरकू, आजच शेड सांगा. फोटो टाकतेय, बघून सांगा.

झंप्या
पहिला फोटो आणि दुसरा फोटो यांत एकच फरक सापडला. दुसऱ्यात पंखा बंद आहे.

साधीसुधी
मला दुसरा जास्त आवडला. पण दुसरा म्हणजे साय की ताक?

साताऱ्याचे_काका
आमच्या वाड्यात हा प्रश्नच यायचा नाही. दसऱ्याच्या आधी कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, तो रटरट उकळायचा, आम्हा पोरांना लांब उभं करायचे. मग गाळून त्यात सरस आणि चिमूटभर नीळ. नीळ कमी पडली तर भिंत पिवळी, जास्त झाली तर धोब्याकडून आणल्यासारखी. आजी एका पाटीवर बोटाने ओढून, वाळवून बघायची आणि मगच कुंचल्याला हात लावू द्यायची. ओल्या चुन्यावर कधी निकाल दिला नाही तिने. तुमच्या चौकोनांना वाळायला किती वेळ दिलाय?

चाफेकळी
काका, काल दुपारचे आहेत, खडखडीत वाळलेत. @साधीसुधी, डावीकडचा साय.

बेएरियाची_मावशी
अगं नॉर्थची खिडकी ना? मग डोळे मिटून वॉर्म शेड घे, म्हणजे साय. उत्तरेचा उजेड निळसर असतो, त्यात करड्याकडे झुकणारा रंग अगदी गारठतो. आम्ही फॅमिली रूमला हौसेने असाच एक करडट ऑफव्हाइट लावला, डिसेंबर-जानेवारीत चार वाजल्यापासून खोली सिमेंटची वाटते. आणखी एक, डब्यावर किंवा कार्डाच्या मागे एलआरव्ही लिहिलेला असेल तर बघ. काळ्याला ०, पांढऱ्याला १००, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते त्याचा आकडा. अंधाऱ्या हॉलला ७५च्या वरचा असलेला बरा.

खगोलवेडा
मावशी, सल्ला तुमच्या गावासाठी बरोबर आहे, पण पुण्यासाठी तो जसाच्या तसा चालणार नाही. तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला, ३७ अंश उत्तर अक्षांशावर आहात. तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला. पुणे साडेअठरा अंशांवर, कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून तर वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो. आणि मार्च ते सप्टेंबर सूर्य उगवतो-मावळतो तोच पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येतं. नेटवरचे 'उत्तरेची खोली' छाप लेख बहुतेक लंडन नाहीतर अमेरिकेचे असतात.

अर्थात चाफेकळीच्या खिडकीसमोर झाड आहे. ऊन आलं तरी आधी पानांतून गाळून येणार. माझ्या मते दिशेपेक्षा ते झाड जास्त महत्त्वाचं.

बेएरियाची_मावशी
हे बाकी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोथरूडमध्येच वाढले, पण तेव्हा भिंतीकडे कोण बघत होतं!

इचलकरंजीकर
कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये शेड मॅचिंग करण्यात हयात गेली, त्यामुळे राहवत नाही.

साय गुलाबी नाही. तुमची भिंत हिरवी आहे. हिरव्याच्या मधोमध कुठलाही फिका, स्वतःची ठळक झाक नसलेला रंग ठेवला की डोळा त्याला हिरव्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे लालसर-गुलाबीकडे ढकलतो. हा डोळ्याचा स्वभाव आहे, रंगात काहीही बिघडलेलं नाही. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात पडदे-गालिचे विणायचे, तिथे शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभाग सांभाळायचा. काळं सूत फिकं पडतं अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर सूत उत्तम होतं, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी त्याचा काळेपणा मारला होता. १८३९ साली त्याने हे सगळं नियमात बसवून छापलं. आमच्याकडे आजही चेक्सच्या कापडावर हीच तक्रार येते आणि नवीन पोरगं आधी रंग बदलायला धावतं.

म्हणून पिस्त्यावरचे चौकोन बघून काहीही ठरवू नका. त्या भिंतीवर ताकसुद्धा खरं दिसत नाहीये. ते मुळात किंचित हिरवट असणार, आणि ती हिरवट झाक शेजारच्या गडद हिरव्यापुढे बुजली आहे. पिस्ता गेला की ती वर येईल.

फोटो तर अजिबात नको. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या बुद्धीने पांढरं ठरवतो आणि बाकी सगळं त्याप्रमाणे हलवतो.

झंप्या
मग फोटोत शेजारी ए-फोर कागद धरला तर?

इचलकरंजीकर
कागदात ऑप्टिकल ब्राइटनर असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निळसर चमकतो. त्याच्या शेजारी जगातला कुठलाही ऑफव्हाइट पिवळाच दिसेल. प्रश्न पंख्याच्या फोटोपेक्षा बरा होता.

रंगरंगोटी_ठाणे
रंगकामाचे ठेके घेतो, बावीस वर्षं. सरांनी सांगितलं ते खरं आहे, मी कामाचं बोलतो.

ताई, शेडकार्डाची ती पट्टी असते ना, वर फिका आणि खाली गडद होत जाणारी, त्यातला सगळ्यात खालचा रंग बघा. फिका रंग पोटातलं सांगत नाही, खालचा सांगतो. सायची पट्टी खाली गेरूकडे-बदामीकडे जात असेल. ताकाची बहुतेक शेवाळी-करड्याकडे. आयुष्यभर भिंतीवर तीच झाक दिसणार आहे, फक्त पातळ.

नमुना असा काढा. हार्डवेअरवाल्याकडून पातळ प्लायचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणा, दोन बाय दोन फुटांचे. एक हात प्रायमर, वर शेडचे दोन हात. एका हातावर ठरवू नका, खालचं दिसतं. बऱ्याच शेड छोट्या डब्यात बनवून मिळतात, नसेल तर लिटरचा घ्या, तो नंतर कामालाच येतो. पाट्या उभ्या ठेवा, जमिनीवर आडव्या टाकून बघू नका, आडव्या पाटीवर छताचा उजेड पडतो. एक दिवस खिडकीशेजारच्या भिंतीला, एक दिवस सोफ्यामागच्या कोपऱ्यात. मागे पांढरी चादर टांगा म्हणजे पिस्ता मधे येणार नाही.

आणि गणपतीच्या आत शेवटचा हात मारायची घाई कशाला? पुण्यात अजून पाऊस आहे. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला हात लावून बघा, गार-दमट लागली तर लांबी (पुट्टी) भरून वर इमल्शन रंग चढवला की दिवाळीपर्यंत पोपडे धरतील. तेव्हा शेड कुठली होती हे कुणी विचारत नाही.

डिचोलीकार
ठाणेवाल्यांना दुजोरा. आमच्याकडे गोव्यात तर पावसात कोण रंग काढतच नाही, भिंतीच घाम फोडतात. आणि फरशीचंही बघा हां. आमचा हॉल लाल कोब्याचा. बायकोने असाच एक पिवळट पांढरा आणला, दारातून दुपारचं ऊन कोब्यावर पडलं की गुडघ्यापर्यंतची भिंत जांभ्या दगडाच्या रंगाची. वरचा भाग पांढरा, खालचा गुलाबी. आम्हाला आवडतं ते, पण कार्डावर ते कुठे लिहिलेलं नसतं.

साधीसुधी
सगळे दिवसाच्या उजेडावर चाललेत. हॉलमध्ये आपण बसतो कधी? संध्याकाळी सातनंतर! ट्यूबच्या डब्यावर केल्विन लिहिलेले असतात, म्हणजे उजेड पिवळा की निळसर त्याचा आकडा. आपल्याकडे सर्रास लावतात त्या ६५००च्या, 'कूल डेलाइट' लिहिलेल्या. त्या उजेडात करडट भिंत दवाखान्यासारखी दिसते, आमची दिसायची. ३०००चा पिवळा दिवा लावला तर साय तुपाळ होईल. आम्ही ४०००च्या लावल्या, तेव्हा कुठे भिंत माणसात आली. भिंत परत रंगवण्यापेक्षा दोन ट्यूब बदलणं स्वस्त.

इचलकरंजीकर
अगदी. आमच्या लॅबमध्ये म्हणूनच काळ्या-करड्या आतल्या बाजूची पेटी असते आणि तिच्यात तीन-चार प्रकारचे दिवे. डी६५ म्हणजे दिवसाचा प्रमाणित उजेड, टीएल८४ म्हणजे दुकानातली ट्यूब, आणि टंगस्टनचा पिवळा बल्ब. दोन तुकडे डी६५मध्ये तंतोतंत जुळतात आणि टंगस्टनखाली एक हिरवा पडतो. रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं, याला मेटामेरिझम म्हणतात. भिंतीच्या रंगातही तेच. दोन कंपन्यांचा 'सेम' रंग दुकानात सेम असतो, घरी नसतो. अमुक कंपनीची शेड तमुक कंपनीच्या स्वस्त डब्यात बनवून आणायचा मोह होत असेल तर हे लक्षात ठेवा.

दिव्याच्या डब्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असेल तर ९०चा घ्या. ८०च्या खालचे दिवे सागवानाला मारतात.

झंप्या
एक आयडिया. साय आणि ताक निम्मं-निम्मं. कढी होईल.

रंगरंगोटी_ठाणे
हसू नका, असे ग्राहक येतात. मिसळता येतं, दुकानदार शेडचा फॉर्म्युला अर्ध्या ताकदीनेही मारून देतो. पण दोन वर्षांनी सोफा घासून डाग पडला की जुळवायचं कशाशी? कोड असलेली शेड घ्या, शांत झोपा. साइटवर हाताने स्टेनर (रंगछटा देणारं गाढं द्रव्य) टाकून शेड 'बसवणारा' रंगारी असेल तर त्याला फक्त बाल्कनी द्या.

चाफेकळी
सगळ्यांचे आभार! पाट्या केल्या, पाठीमागे सासऱ्यांची धोतरं टांगली (पांढऱ्या चादरी सापडल्या नाहीत). आता ऐका.

धोतराच्या पार्श्वभूमीवर साय गुलाबी नाहीच. साधी, किंचित पिवळी. सर, मानलं. ताकाची पट्टी खाली खरंच शेवाळी होत जाते, सायची बदामी.

खिडकीशेजारी: सकाळी नऊच्या सुमारास झाडावर ऊन असताना ताक सरळ हिरवं. पोपटी नाही, पण पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूसारखं. फरशीतल्या हिरव्या चिपाही मदतीला. साय तिथे पिवळेपणा हरवून चक्क पांढरी दिसते.
सोफ्यामागचा कोपरा: पावसाळी दुपारी ताक म्हणजे भिजलेला पेपर. साय जराशी मळकट, पण चालेल अशी.
रात्री, ट्यूब लावून: इथे मात्र ताक छान! स्वच्छ, देखणं. साय ठीकठाक.

आणि आता गंमत. सासूबाईंचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर आहे. त्या खुर्ची टाकून पाट्यांसमोर बसल्या. उजव्या डोळ्यावर हात धरून म्हणाल्या, दोन्ही पिवळ्या. मग डाव्यावर हात धरला आणि म्हणाल्या, ही पांढरी आणि ती निळी! चार-पाच वेळा हात इकडून तिकडे. शेवटी निकाल दिला की ज्याला जे दिसतं ते खरं, पिस्ता मात्र दोन्ही डोळ्यांनी पिस्ताच दिसतो.

खगोलवेडा
काकूंना दंडवत. मोतीबिंदू वाढतो तसं नैसर्गिक भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. नवीन भिंग बसवल्यावर तो एकदम आत येतो. म्हणजे घरातल्या तीन पिढ्या एकच भिंत वेगवेगळ्या चष्म्यांतून बघणार.

साताऱ्याचे_काका
माझे दोन्ही झालेत. ऑपरेशननंतर घरी आलो तर सगळ्या पांढऱ्या शर्टांना कुणी नीळ घातली असं हिला विचारलं होतं. महिनाभरात डोळा सरावतो.

बेएरियाची_मावशी
मग ठरलं की! साय आणि ४०००ची ट्यूब.

साधीसुधी
मी अजूनही ताकच्या बाजूने. ताई, तुम्ही सकाळी नऊला हॉलमध्ये असता का? नोकरी करणाऱ्या बाईने रात्री छान दिसणारा रंग घ्यावा.

चाफेकळी
मी नसते, सासूबाई दिवसभर असतात. टीव्हीसमोरची खुर्ची त्यांचीच. रात्रीचं काय, ट्यूब बदलता येते. झाड कसं बदलणार?

रंगरंगोटी_ठाणे
बरोबर विचार. एक राहिलं. छताला पांढराशुभ्र मारणार आहात ना? त्याच्याखाली साय जुनाट दिसेल, जसं सरांनी कागदाचं सांगितलं तसंच. छतालाही साय मारा, नाहीतर छताला तिचीच अर्ध्या ताकदीची, छताला डाग पडत नाहीत तेव्हा जुळवायची भानगड नाही. फिनिश मॅट घ्या. तुमची जुनी भिंत आहे, चमकदार लावलात तर लांबीचा प्रत्येक उंचवटा ट्यूबखाली दिसेल.

डिचोलीकार
मॅटला पोरांचे हात लागले की संपलं पण.

रंगरंगोटी_ठाणे
धुता येणारं मॅट मिळतं आता, थोडं महाग. सगळ्या बादल्या एकदम उचला, बॅच नंबर एक बघा, आणि एका भिंतीच्या मध्येच नवीन बादली उघडायची वेळ आणू नका. दोन बादल्या असतील तर आधी एकत्र ढवळून घ्या.

चाफेकळी
अपडेट, उशिरा देतेय. बाहेरच्या भिंतीला ओल होतीच. त्यामुळे गणपतीच्या आधी फक्त खरवडणं, आतल्या भिंतींची लांबी आणि प्रायमर केलं आणि रंगाऱ्याला सुट्टी दिली. गणपती प्रायमरच्या भिंतीपुढे बसले. आरतीला येणारा प्रत्येक जण म्हणतो, अय्या, काय सुंदर पांढरा निवडलात! शेजारच्या काकूंनी तर शेडचा नंबर मागितला. मी सांगितला नाही.

झंप्या
दोन शेडमध्ये प्रायमर जिंकला.

चाफेकळी
ऑक्टोबरचं ऊन चांगलं आठवडाभर खाऊ दिलं, भिंत सुकली, मग शेवटचे दोन हात. साय, भिंती आणि छत दोन्हीला, मॅट. पहिला हात ओला असताना काळजात धस्स झालं, खूपच पांढरी वाटली. वाळल्यावर पाटीशी ताडून बघितली, जुळली. मात्र चारही भिंती झाल्यावर पाटीपेक्षा थोडी जास्त पिवळी वाटते, हे खरं आहे.

इचलकरंजीकर
वाटत नाही, आहे. पाटीवर खिडकीचा उजेड थेट पडत होता. आता एका भिंतीवरून उडालेला पिवळट उजेड दुसरीवर पडतो, तिथून तिसरीवर. झाक वाढत जाते. म्हणून कार्डावर आवडलेल्या रंगापेक्षा एक घर फिका घ्यावा म्हणतात. तुम्ही छतालाही साय दिलीत, तिने थोडी भर घातली.

चाफेकळी
असू दे सर. पडदे लावल्यावर, सोफा जागेवर आल्यावर ते कळतही नाही. ट्यूब ४०००च्या आणल्यात. उरलेला रंग घट्ट झाकण लावून माळ्यावर, झाकणावर कोड, बॅच आणि 'हॉल' लिहून. ताकाची पाटी लेकीने चित्र काढायला पळवली.

ऐरोळीची_सई
धागा वाचून काढला. मला बेडरूमसाठी दोन करड्यांमध्ये ठरत नाहीये, वेगळा धागा काढते. चाफेकळी, रंगाऱ्याचा नंबर विपु (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) करशील का? आणि मजुरी स्क्वेअर फुटावर होती की ठोक?

चाफेकळी
विपु केलीय. मजुरी स्क्वेअर फुटावर, पण दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत ते आधी बोलून घे. आणि तो दिवाळीपर्यंत बुक आहे.